झाडीत न भेटणारं बी

चहा हातात घ्या, पण मी सांगत असताना मोठा घोट भरू नका. मागच्या वेळी हीच गोष्ट ऐकताना आमच्या ईश्वरच्या नाकातून चहा आला होता, आणि तो तर या प्रकरणात स्वतः सामील होता. मी काय माती खाल्ली ते ऐकाच एकदा. आमच्या गावात, दिघोरीत, आता माझं खरं नाव फक्त मतदार यादीत उरलं आहे.

आधी माझे दोन गर्व सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल.

पहिला गर्व धानाचा. आमच्या या भागाला झाडी म्हणतात. जंगल, तलाव आणि जिकडे पाहाल तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. या झाडीत पेरलं जाणारं एखादं बी मला माहीत नाही, असं होत नाही. मूठभर धान हातावर ठेवा, एक दाणा दाताखाली धरून वाण सांगतो. आता नव्या वाणांना नावं कुठं असतात, नंबरच असतात नुसते. तेही मला सगळे पाठ. गावातली माणसं पेरणीआधी मला विचारायला येतात, आणि कोणी नाही आलं तर मीच त्यांच्या घरी जातो.

दुसरा गर्व मराठीचा. आमच्या उंबरठ्याच्या आत इंग्रजी बोलायची नाही, हा माझा कायदा आहे. बायकोचं म्हणणं, माझ्या मराठीत निम्मी हिंदीच असते. असू द्या. हिंदी आमची शेजारीण आहे, तिला येऊ नको कसं म्हणायचं?

तर झालं असं. आमची एकुलती एक लेक वर्षा हैदराबादला नोकरी करते. तिनं आणि जावयानं दूध, दही, तूप, अंडं, मासोळी सगळं सोडलेलं. झाडाझुडपापासून येईल तेवढंच खायचं. मोठी माणसं आहेत, खा बाबांनो काय खायचं ते. पण त्यांची दोन वर्षांची तनू, तिचंही जेवण तसंच. तिथल्या लेकरांच्या डॉक्टरला विचारून, सगळं नीट ठरवून. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या बायकोनं, कमलनं, पदर तोंडाला लावला होता.

"दुधाविना लेकरू कसं वाढन वो पोरी? वासरू आहे का ते, चाऱ्यावर ठेवाले?"

"आई, वासरूच तं दूध पिते," वर्षा म्हणाली.

कमल यावरचं उत्तर अजून शोधते आहे.

यंदा मे महिन्यात वर्षाला ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला जावं लागणार होतं. महिनाभराचं काम. जावई दिवसभर ऑफिसात. तनूला कुठं ठेवायचं? पुण्याच्या विहीणबाई तयारच होत्या, पण वर्षानं आम्हाला विचारलं. आता तुम्हीच सांगा, तोपर्यंत ही नात आमच्यासाठी फोनच्या आत राहणारी मुलगी होती. नाक काचेला लावायची आणि बंद पडायची. ती महिनाभर आमच्या अंगणात खेळणार म्हटल्यावर मला झोप लागेना. मी विटा आणून विहिरीचा कठडा उंच करून घेतला.

घरात पाऊल टाकताच वर्षानं अट घातली. "बाबा, तिच्या खाण्यात गडबड झाली नाही, वजन उतरलं नाही, तं दर उन्हाळ्यात तिले इथंच ठेवीन. पण एकदा जरी गडबड झाली, तं मग पुण्याले. मले मग बोलू नका."

मी म्हटलं, शब्द दिला. आणि खरं सांगतो, त्या शब्दासाठी मी काहीही करायला तयार होतो.

मग तिनं कमलला आणि मला शिकवायला बसवलं.

"पहिलं म्हणजे प्रोटीन..."

"मराठीत," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. हट्टात ती माझीच लेक आहे. "बरं," म्हणाली, आणि त्या घडीपासून एकेका शब्दाचं मराठी करत गेली. प्रोटीनचं प्रथिनं झालं. कॅल्शियमला काही सापडेना तेव्हा "हाडाचा चुना" म्हणाली, तर कमलनं पानाच्या डब्याकडे पाहिलं. मग आलं लोह.

"लोखंड?" कमल दचकली.

"भाजीत, डाळीत असते आई. वरून लिंबू पिळायचं, मग अंगी लागते. अन् लोखंडी कढईत भाजी केली तं अजून चांगलं."

हे मात्र कमलला पटलं. तिची सासरी आल्यापासूनची कढई माळ्यावर पडली होती, ती घासून चुलीवर आली. दोन दिवसांत ती असं काही शिकली, की मला वाटलं आता हिलाच हैदराबादला नोकरी लागते. मुगाच्या वरणात मुंगण्याचा पाला, म्हणजे तुमच्याकडचा शेवगा. तीळ भाजून, अगदी बारीक वाटून, तांदळाच्या पेजेत. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, अख्खे द्यायचे नाहीत, घशात अडकतात, म्हणून त्यांचं लोण्यासारखं वाटण भाकरीला लावून. हरबऱ्याच्या पिठाचं धिरडं, सोबत भेद्रं, म्हणजे टमाटर. सोयाबीनचं दूध वर्षानं डब्यांतून आणलेलं होतं. आणि आंबे तर आमच्या बांधावरचेच.

सगळं सांगून झालं. एसटी सुटायची वेळ झाली. मी तनूला कडेवर घेऊन खाली उभा, तनूनं भोकाड पसरलेलं, आणि वर्षाला ऐन वेळी काहीतरी आठवलं. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ती ओरडली, "बाबा, अन् बी बारा विसरू नका. रविवारच्या रविवारी. या रविवारचं झालं आहे. ते झाडात भेटत नाही, वरून द्या लागते. निळ्या पिश..."

कंडक्टरनं घंटी दिली, ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला आणि गाडी धुरळा उडवत गेली.

आता तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या डोक्यात लगेच उजेड पडला असेल. माझ्या कानात काय शिरलं ते ऐका. बी, म्हणजे बियाणं. बारा, म्हणजे त्याचा नंबर. झाडीत भेटत नाही, म्हणजे आमच्या या भागात मिळत नाही. वरून द्यावं लागतं, म्हणजे वरच्या अंगानं, रायपूरकडून वगैरे मागवून तिला त्याचा भात द्यायचा. आणि रविवार आमच्या बाजाराचा दिवस, म्हणजे दर बाजारी चौकशी करायची. या रविवारची चौकशी ती करून गेली. सांगा बरं, यात कुठं फट आहे?

फट नव्हती. उलट मला रागच आला. धानाचं एक वाण, आणि झाडीत भेटत नाही? अन् हे मला माझी पोरगी सांगते, जिला मीच बांधीच्या पारेवर, म्हणजे बांधावर, बसवून लोंबी ओळखायला शिकवलं?

फोन करून विचारायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. कोणी विचारायचं? मी? धानाच्या वाणाबद्दल? नाही जमलं बुवा.

त्याच संध्याकाळी कमलनं तनूची निळी पिशवी रिकामी केली. लंगोट, दुपटी, बाहुली, आणि तळाशी एक छोटीशी बाटली. आत लालभडक पाणी, वर थेंब टाकायची नळी. मी चष्मा शोधायला लागलो. घरभर शोधला, मग तो तनूनं माझ्या डोक्यावर दाखवला. बाटलीवर बारीक इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं, पण मोठ्या अक्षरात एक बी आणि पुढे बारा.

"पाहा," मी म्हणालो. "बी बाराचं औषध."

तुम्हाला शेतीतलं माहीत नसेल म्हणून सांगतो. पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळतात, किडीबिडी लागू नये म्हणून. ते बी लालगुलाबी दिसतं. म्हणजे औषध लाल. बाटली लाल. झालं, माझ्या डोक्यात दोन्ही टोकं जुळली.

कमलनं बाटली उजेडाला धरली. "लेकराच्या पिशवीत बियाण्याचं औषध काहून ठेवन वर्षा?"

"हैदराबादेत भेटलं असन, टाकलं पिशवीत. बी आपण शोधाचं, औषध तिनं देल्लं. सीधी बात आहे."

"अन् हे नळी?"

"मोजून टाका लागत असन. जहर असते ते. पोरीच्या हाती लागलं तं?"

"मले नाही पटत."

"तुले शेतीतलं काय समजते?"

हे मी अशा बाईला म्हणालो, जिनं उभ्या आयुष्यात माझ्यापेक्षा जास्त रोवणं, म्हणजे धानाची लावणी, केलं आहे. ती उठून चुलीकडे गेली. कमल गप्प बसली की ते बोलणं कुठंतरी जमा होत असतं, हे मला कळायला पाहिजे होतं.

बाटली मी माळ्यावर नेली. तिथं एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात फवारणीची औषधं आणि उंदरांच्या गोळ्या असतात. बाटली आत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. तनू कडेवर बसली की त्याच किल्लीशी खेळत राहायची. आणि मी मनात म्हणायचो, पोरी, तुझा आबा आहे तोवर तुला कशाचा धोका नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुधाकरच्या कृषी केंद्रात गेलो. सुधाकरला माझाच रोग आहे. त्याच्या दुकानात सगळं मिळतं, फक्त 'माहीत नाही' हे मिळत नाही.

"सुधाकर, बी बारा आहे का?" मी असं विचारलं, जसं काही रोज विचारतो.

त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. "बी बारा ना? आलं होतं भाऊ. संपलं."

म्हणजे आलं होतं? आणि मला पत्ता नाही?

"कसं आहे, तुले काय वाटते?" मी त्याची परीक्षा पाहिली.

"दाणा बारीक. भात मोकळा होते."

"वास?"

"वास तं आहेच."

"मी ऐकलं तसंच," मी म्हणालो. आम्ही दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही वाटत होतं, समोरच्याला खरं माहीत आहे.

बाजूला पोत्यावर ईश्वर बसला होता. माझा शेजारी, आमची बांधीला बांधी लागून. मी जे पेरतो ते तो पेरतो, आणि त्याचं माझ्यापेक्षा चांगलं येतं. तो म्हणाला, "भाऊ, असं का? मग मले बी बी बारा पाहिजे."

इथून जी गाडी सुटली तिला ब्रेक नव्हता.

गावात आधीच चर्चा होती की आमच्या घरी एक लेकरू आलं आहे, ते दूध पीत नाही. म्हाताऱ्या बाया वाटीत दूध घेऊन यायच्या, मी दारातच अडवायचो. एकीनं तर पदराआड तुपाची वाटी आणली होती. "जराकसं चाटवू द्या ना भाऊ, वर्षाले कुठं दिसते?" मी म्हटलं, मला दिसतं. शब्द म्हणजे शब्द. आणि तनू तर अशी, की कुत्र्याच्या मागे पळते, तलावाच्या पाळीवर चढते, गाल आंब्यासारखे. लोकांनी विचारायला सुरुवात केली, "दूध नाही, तूप नाही, मग हे पोट्टी कायच्यावर फुगून राहिली?"

ईश्वरनं सांगितलं, "बी बारावर."

म्हणजे मी नाही सांगितलं, हे लक्षात घ्या. पण मी नाहीही म्हटलं नाही. कारण मी एवढंच म्हणालो होतो की डॉक्टरनं सांगितलेलं वाण आहे, मागवलं आहे. आठवडाभरात गावात असं पसरलं की हैदराबादेत एक धान निघालं आहे, त्याच्या भातात दुधाची ताकद असते आणि तिथले डॉक्टर ते लेकरांना लिहून देतात. सुधाकरकडे रोज माणसं. सुधाकर सगळ्यांना म्हणायचा, "भाऊचं आधी, मग तुमचं." त्यानं खरंच कुठं कुठं फोन लावले असणार, कारण त्याचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. आणि ईश्वरनं आपली सगळ्यात चांगली बांधी नांगरून मोकळी ठेवली. म्हणाला, तिच्यात दुसरं काही टाकणार नाही.

मीही हिंडत होतो. रविवारी बाजार पालथा घातला. साकोली झाली, पवनी झाली. उन्हातान्हात हिंडून पायात मुंग्या यायच्या, रात्री तळवे बधिर व्हायचे. मी म्हणायचो, नातीसाठी एवढंही करू नये का माणसानं?

मधे वर्षाचा दिल्लीहून फोन आला. आवाज तुटत होता.

"बाबा, बी बारा चालू आहे ना?"

"म्हणजे काय? त्याच्याच मागं आहो."

"तोंड वाकडं करते का?"

आता आमच्या बोलीत कसं आहे पाहा, तो करते, ती करते, सगळे करतेच. मला वाटलं सुधाकरचं विचारते.

"पयले पयले केलं. मग थोडा जोर लावला. आता मुकाट्यानं हो म्हणते."

"वा बाबा," वर्षा खूश झाली. "हैदराबादेत तं दोघादोघांनी पकडून धरा लागते, तवा कुठं तोंड उघडते."

मी फोन ठेवला आणि कमलला म्हणालो, हैदराबादचे दुकानदार फार कडक असतात म्हणे.

वर्षाला जाऊन पंधरा दिवस झाले. रोहिणी नक्षत्र लागलं. सगळा गाव आभाळाकडे पाहून बसलेला, एक पाऊस पडावा म्हणजे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकता येतील. ऊन असं की अंगणातली माती पायाला चटके देई. त्यात वर्षाचा फोन.

"बाबा, थेंब किती टाकले? किती पडले, मोजले ना?"

मला पडले एवढंच ऐकू आलं. मी आभाळाकडे पाहून म्हणालो, "एक बी नाही पोरी."

तिकडून बारीक आवाजात, "एक बी नाही? दोन रविवार झाले, अन् एक बी थेंब नाही?"

"कुठून पडन? रोहिणी तं आता आली."

"रोहिणी कोन? तुम्ही बाई ठेवली का तिच्यासाठी?"

शेतकऱ्याची लेक, पण घाबरलेल्या माणसाला नक्षत्र कुठून आठवणार? मी समजावायला जातो तोच फोन बंद पडला. मी म्हटलं, पोरगी शेतीच्या काळजीनं किती कासावीस झाली पाहा. बापाची आठवण आहे तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी उभी. दिल्लीहून विमानानं नागपूर, तिथून भाड्याची गाडी करून वर्षा आलेली. बॅग खाली न ठेवता तिनं तनूला उचललं, डोळे पाहिले, जीभ पाहिली, हात पाहिले. तनू हसून तिच्या नाकात बोट घालत होती.

"बाटली कुठं आहे?"

"कोनती? बी बाराचं औषध?" मी अभिमानानं किल्ली सोडली. "अशी ठेवली का पोरीचा हात लागनार नाही."

तनूला कमलजवळ देऊन आम्ही दोघं माळ्यावर चढलो. मी कुलूप काढलं, झाकण उघडलं. उंदराच्या गोळ्या, फवारणीच्या बाटल्या, आणि मधे ती लाल बाटली, मी फडक्यात गुंडाळून ठेवलेली. वर्षानं ती उचलून फडकं सोडलं.

"बाबा, हे व्हिटॅमिन आहे."

मी 'मराठीत' म्हणालो नाही.

"जीवनसत्त्व. त्याचं नाव बी ट्वेल्व्ह. तुम्हीच इंग्रजी बोलू देत नाही म्हणून मी बी बारा म्हटलं. ते झाडात भेटत नाही. पाल्यात नाही, डाळीत नाही, फळात नाही. बाकी सगळं तुम्ही जेवणातून देऊ शकता बाबा, हे एकच वरून द्या लागते. अन् तुम्ही हेच कुलपात ठेवलं?"

आज हसतो आहे, पण त्या वेळी हसू कुठलं? शेजारणीची तुपाची वाटी अडवली, फल्लीदाणा अख्खा जाऊ दिला नाही, विहिरीचा कठडा उंच केला, आणि लेकराला जे खरोखर पाहिजे होतं तेच जहर म्हणून करदोड्याला बांधून फिरलो. वर्षा खाली उतरली आणि तनूचे कपडे निळ्या पिशवीत भरायला लागली. मी पाहत उभा होतो. मला रडू आलं, आणि ते लपवायला चष्मा शोधायला लागलो.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. ईश्वर. पांढरी टोपी, हातात रिकामं पोतं. "वर्षाबाई आली म्हने. बी बारा आनलं का बाई?"

वर्षानं ती लाल बाटली त्याच्यापुढे धरली. ईश्वरनं ती घेतली, उजेडाला धरून उलटीसुलटी केली, हलवली, आणि फार काळजीनं विचारलं, "एवढ्यात किती बांध्या होतीन?"

वर्षा त्याच्याकडे पाहते, माझ्याकडे पाहते, त्या पोत्याकडे पाहते. मग मटकन पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. डोळ्यातून पाणी येतं आहे आणि हसते आहे. तनूला काही कळलं नाही, तीही टाळ्या वाजवून हसायला लागली. कमलनं मात्र आतूनच आवाज दिला, "मले तं शेतीतलं काही समजत नाही बाप्पा." पाहा, जमा झालेलं कसं बाहेर येतं ते.

पण पिशवी भरलेलीच होती. आम्ही सगळे गाडीत बसून भंडाऱ्याला लेकरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरनं तनूला काट्यावर ठेवलं, पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोट दाबलं. काय काय खायला दिलं ते विचारलं. कमलनं सगळं सांगितलं, मुंगण्याच्या पाल्यापासून कढईपर्यंत. डॉक्टर ऐकत राहिले.

"वजन चांगलं वाढलं आहे," ते म्हणाले. "आजी, असंच चालू ठेवा. दोन आठवडे चुकले त्यानं बिघडलं काही नाही, अंगात साठा असतो. पण हे चुकवायचं नाही पुन्हा, दुधाविना वाढणाऱ्या लेकराला ते लागतंच. आणि ती पेटीतली बाटली फेका, नवी घ्या."

मी उठणार, तेवढ्यात कमल म्हणाली, "डॉक्टरसाहेब, यायले बी पाहा ना. पायात मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. अन् चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात."

"आजी, मी लेकरांचा डॉक्टर आहे."

"हे बी लेकरूच आहेत."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "दूध, मासोळी वगैरे खाता?"

"मासोळी नाही. दूध चहाच्या रंगापुरतं."

त्यांनी एका मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तुम्ही ओळखलंच असेल. ज्याच्यासाठी मी साकोली आणि पवनी पालथी घातली, ते बी बारा माझ्याच अंगात नव्हतं. झाडीत भेटत नाही म्हणे. खरंच भेटलं नाही, निदान या झाडीतल्या माणसात तरी नाही.

वर्षानं निळी पिशवी रिकामी केली आणि तनूला आमच्याकडेच ठेवून राहिलेल्या कामासाठी दिल्लीला परत गेली. या वेळी एसटी सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, "बाबा, म्हणा. बी ट्वेल्व्ह." मी सगळ्या स्टँडसमोर तीन वेळा म्हटलं, इंग्रजीत. कंडक्टरनंही एकदा म्हटलं.

ईश्वरनं त्या मोकळ्या बांधीत आपलं नेहमीचंच धान टाकलं. ते इतकं झकास आलं की गावात कोणी विचारलं, कोणतं वाण, तर सरळ सांगतो, बी बारा. सुधाकर अजूनही म्हणतो, आलं होतं, संपलं. आणि मला आता पोरंसोरं सुद्धा 'बी बारा भाऊ' म्हणून हाक मारतात.

तनू होती तोवर दर रविवारी सकाळी कमल आम्हा दोघांना ओट्यावर बसवायची. आधी तनू, मग मी. तनूचे थेंब, माझं मोठ्यांचं औषध. तनू पाखरासारखं तोंड उघडायची, गिळायची, आणि मग माझ्याकडे पाहत बसायची, माझी पाळी झाल्याशिवाय उठायची नाही.

असंच एका रविवारी वर्षाचा फोन आला. कमलनं उचलला.

"आई, बी बारा देल्लं का?"

"आत्ताच देल्लं."

"तोंड वाकडं करते का?"

कमलनं वळून माझ्याकडे पाहिलं. "पोट्टी नाही करत," ती म्हणाली. "तुहा बाप करते."